एक तास बावन्न मिनिटं

१

पेटीची दोन्ही कुलपं शाबूत होती आणि पेटी रिकामी होती.

कुरणवाडीच्या भैरवनाथाचा चांदीचा मुखवटा वर्षभर त्या पेटीत असतो. पेटी चांगुणाबाई काळदाते हिच्या देवघरात. पेटीला कुलपं दोन आणि चाव्या दोन घरांत. एक थोरल्या पातीत, म्हणजे चांगुणाकडं. दुसरी धाकट्या पातीत, म्हणजे तिचा चुलत दीर भागवत याच्याकडं. दोघं एका जागी आल्याशिवाय देव बाहेर येत नाही. जुन्या लोकांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता म्हणून त्यांनी ही रीत काढली, आणि आता गाव तिला परंपरा म्हणतं.

सोमवारी मुखवटा होता. पंचांनी डोळ्यांनी पाहिला आणि दोन्ही कुलपं लावली. त्याच दुपारी भागवत चावी गळ्यात घालून काशीला गेला. यात्रेला देवाला न्हाऊ घालायला पाणी लागतं. इतकी वर्षं ते पैठणहून चालत यायचं. यंदा भागवतनं जाहीर केलं होतं की पाणी काशीचं येईल आणि विमानानं येईल. गुरुवारी, यात्रेच्या सकाळी, तो गडू हातात घेऊन वेशीवर उतरला. हलगी वाजली, गुलाल उधळला, लोकांनी त्याच्या पायावर पाणी घातलं. मग सगळा घोळका चांगुणाच्या वस्तीवर गेला. भागवतनं आपलं कुलूप काढलं, तिनं तिचं काढलं. झाकण वर झालं. आत पिवळं आसन तेवढं पडलं होतं.

गावानं विचार करायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. भागवतची चावी काशीत होती. म्हणजे बाईनं दुसरी करून घेतली. म्हणजे बाई चोर.

सरपंच राजेश्वरीताईंनी मुदत दिली. दिवस मावळताना देवाच्या पालखीचा छबिना निघतो. तोवर मुखवटा मिळाला नाही, नाहीतर तिच्याच घरात मिळाला, तर चांगुणानं देवापुढं गुलाल उचलून पेटीचा मान सोडायचा. मानाबरोबर देवाची अडीच एकर जमीनही गेली. नवरा कारभारी गेल्या वर्षी वारला, मूलबाळ नाही, ती त्या अडीच एकरांवरच जगत होती. आणि मग जामखेडच्या पोलिसांत नाव.

दुपारी साडेबाराला ती गहिनीनाथ वराटच्या दारात उभी राहिली.

गहिनीनाथ एकतीस वर्षं जामखेडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. गाडी समोर उभी असताना "गाडी कधी लागणार?" म्हणून विचारणारी माणसं त्यानं रोज शेकड्यांनी पाहिली होती, त्यामुळं माणसांबद्दल त्याचं मत फार चांगलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको भीमाबाई गेली. तेव्हापासून तो कुठं गेला नव्हता. यात्रेला तर नाहीच.

"आण्णा," चांगुणा म्हणाली, "भीमाक्का आसती तर मी तिच्याकडं गेले आसते. ती न्हाई म्हनून तुमच्याकडं आले."

"मी काय करू?"

"स्टँडावर हरवलेल्या ट्रंका तुमी शोधून द्यायचा. अक्का सांगायची."

"ट्रंका शोधत नव्हतो. कोण खोटं बोलतंय ते बघायचो. ट्रंक मग आपोआप निघायची."

"मग तेच करा. सगळा गाव बोलतोय."

त्यानं खुंटीवरचा शर्ट अंगात घातला. वरच्या खिशात घडी केलेलं कॅलेंडरचं पान होतं. दहा महिने ते तिथंच होतं. शर्ट धुताना तेवढं बाहेर काढून ठेवायचं आणि वाळला की परत आत.

२

"घरात तू कधी नव्हतीस?" वस्तीकडं चालताना त्यानं विचारलं.

"काल, बुधवारी. बारा ते तीन. समद्या बायका देवळात पुरनाच्या सैपाकाला हुत्या. त्याच्याआधी दोन दिस मी उंबऱ्याभाईर न्हाई गेले. रात्री तर पेटीपाशीच झोपते."

"आणि तुझी चावी?"

"देवघरातल्या खिळ्याला. सासूपास्नं तिथंच आसती."

"गावात कुणाकुणाला ठाऊक?"

"गावात कुनाला ठाव न्हाई, ते इचारा."

म्हणजे तिची चावी असून नसल्यासारखीच. सगळं दुसऱ्या चावीवर होतं.

कुलूप बघायला त्यानं कल्याणला बोलावलं होतं. कल्याण खर्डा रस्त्याला मोबाईल दुरुस्त करायचा, चाव्याही करायचा. सकाळपासून निम्मं गाव त्याच्याकडं संशयानं बघत होतं आणि उरलेलं निम्मं त्याला चावीचा भाव विचारत होतं.

"नाना, हे बघा." कल्याणनं भागवतच्या कुलपाचं भोक दाखवलं. "हे हातानं घासलेलं काम हाय. वीतभर लोखंडी चावी, तीन दातं, तिन्ही वाकडी. माझं मशीन असली चावी धरतच न्हाई. लोहारानं करायची म्हनलं तर मूळ चावी दोन दिस समोर ठेवावी लागंल."

"मूळ चावी भागवतच्या गळ्यातून कधी निघते?"

"अंघोळीला बी न्हाई. गंज लागलाय गळ्याला, बघा तुमी."

"कुलपाला खरवडल्याची खूण?"

"एक न्हाई. हे कुलूप त्याच्या चावीनंच उघडलंय. लिहून घ्या पायजे तर."

देवळामागं बन्सी गुरव कढई घासत बसला होता. गहिनीनाथला बघून तो आपणहूनच सुरू झाला. मुखवट्याचा मान खरा गुरवाचा, तो काळदात्यांनी त्याच्या पणजोबाकडून लुबाडला, पेटी देवळात असती तर असं झालं नसतं.

"म्हणून तू नेलास?"

"मी?" बन्सीनं कढई खाली ठेवली. "कंट्रोलर, बुधवारी मी बारापास्नं ह्या कढईत पुरन हाटत हुतो. चाळीस बाया बगत हुत्या. एक मिंट हात थांबला तर ती राजाची आई वरडायची, लागलं, खाली लागलं. मला मुतायला सोडलं न्हाई, मुखवटा कुठला चोरतूय?"

यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. चाळीस बायकांच्या नजरेतून सुटणं जमलं असतं तर बन्सी गुरव एव्हाना आमदार झाला असता.

मग राहिलं कोण? मूळ चावी ज्याच्या गळ्यात होती तो. पण तो तर बुधवारी दुपारी काशीत होता. अख्खा गाव तसं सांगत होता, आणि गावाला हे कुणी सांगितलं तर भागवतनं.

३

भागवतच्या अंगणात पाहुण्यांची गर्दी होती. ऊसतोड संपवून परत आलेली माणसं यात्रेला नवे कपडे घालून बसली होती. आढ्याला बांधलेल्या शिंक्यात तांब्याचा गडू होता. पाणी निघाल्यापासून देवाला पडेपर्यंत जमिनीला टेकवायचं नाही, ही रीत. गडूच्या तोंडाला तांबडं कोरं कापड बांधलं होतं. एका बाजूला जरीचा काठ, दुसऱ्या बाजूला कात्रीनं वेडंवाकडं कापलेलं.

"या, कंट्रोलर या!" भागवत खुर्चीवरून उठला नाही. "वहिनीची वकिली घेतली म्हणं?"

"मला विमानाचं ऐकायचंय," गहिनीनाथ म्हणाला. "मी कधी बसलो नाही."

याच्याइतकी गोड गोष्ट भागवतला कुणी सांगितली नसती. त्यानं मांडीवर थाप मारली.

"आवो, काय सांगू! बुधवारी दुपारी बरोब्बर तीनला काशीतून उडालं. चार बावन्नला पुण्याला टेकलं. एक हजार चौऱ्याण्णव किलोमीटर! एक तास बावन्न मिनिटं! तुमची एस्टी तेवढ्या वेळात जामखेडहून नगरला तरी जाती का?"

अंगण हसलं.

"नाही जात," गहिनीनाथ म्हणाला. त्याचा हात वरच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला.

"काय झालं? दुखतंय का छातीत?"

"नाही. पुढं सांगा. पुण्याहून?"

"नगरला मेव्हण्याकडं मुक्काम. सकाळी गाडी केली."

"आणि हा गडू?"

"ह्या दोन हातात!" भागवतनं दोन्ही पंजे दाखवले. "घाटावर भरला तो हातात. विमानतळावर हातात. आत मांडीवर. एक क्षण खाली ठेवला न्हाई आन् कुनाच्या हातात दिला न्हाई. गळ्यात देवाची चावी, हातात देवाचं पानी. सरळ आत जाऊन बसलो. लोक नमस्कार करत हुते."

"कुणी अडवलं नाही?"

"कुनाची टाप हाय?"

"कापड चांगलं आहे."

"काशीचं हाय. कालच घाटावर घेतलं. त्याला बी अजून कुनाचा हात लागला न्हाई."

गहिनीनाथनं मान डोलवली. एकतीस वर्षं त्यानं प्रवासातून उतरलेली माणसं ऐकली होती. प्रवास करून आलेला माणूस किती चाललो ते कधीच सांगत नाही, किती थांबलो ते सांगतो. कडा फाट्याला पाऊण तास बसवलं, ड्रायव्हर जेवायला गेला, कंडक्टरनं सुटे दिले नाहीत. भागवतचा प्रवास मात्र लग्नपत्रिकेसारखा होता. सगळं वेळेवर आणि सगळं मुहूर्तावर.

पण लोकांपुढं ठेवायला हे पुरेसं नव्हतं. फुशारकी मारणं हा गुन्हा धरला तर जिल्ह्यात तुरुंगाबाहेर कुणी राहायचंच नाही.

तो उठला तेव्हा भागवत मागून म्हणाला, "चारला झडती हाय वहिनीच्या घराची. सरपंचबाईंनी मान्य केलंय. घर, गोठा, कडबा, समदं."

४

"झडतीचं पहिल्यांदा कोण म्हणालं?" वस्तीवर परत येताच त्यानं चांगुणाला विचारलं.

"भावजीच. पेटी उघडली तसं दुसऱ्या मिंटाला. घर बघा, गोठा बघा, कडब्याची गंज उचका म्हनले."

"गंज? असं नाव घेऊन?"

"व्हय. का?"

गहिनीनाथ घरामागं गेला. कडब्याची गंज माणूसभर उंच होती. पेंढ्या एकसारख्या रचलेल्या, बुडखे बाहेर, शेंडे आत. मागच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, तीन पेंढ्या उलट्या होत्या. शेंडे बाहेर.

"म्हैस आहे का अजून?"

"संक्रांतीलाच विकली. तवापास्नं कडब्याला हात लावला न्हाई मी. त्या तीन पेंढ्या..." ती पुढं झाली.

"हात लावू नकोस!"

ती दचकून मागं आली.

"मुखवटा आत आहे," गहिनीनाथ म्हणाला. "चार वाजता तो मिळणार. तुझ्या घरामागं, तुझ्या कडब्यात, साऱ्या गावासमोर. हीच त्यांची झडती."

"मग आत्ताच काढू! देवळात निऊन देऊ!"

"आणि काय सांगशील? कडब्यात सापडला म्हणून? आत्ता काढलास तरी तू चोर, चार वाजता निघाला तरी तूच चोर."

चांगुणा मटकन खाली बसली. तिनं रडायचं म्हणून तोंड झाकलं, पण रडली नाही. मग पदरातूनच म्हणाली, "आण्णा, मान गेला तर जाऊ दे. पन ह्यांच्या नावाला चोर लागंल. कारभाऱ्याची बायकू चोर, आसंच म्हनतील की."

गहिनीनाथनं घड्याळ बघितलं. साडेतीन. त्यानं खिशातलं पान काढलं, उलगडलं, त्यावरच्या दोन ओळी वाचल्या. त्याला त्या पाठ होत्या. तरी वाचल्या.

"चल," तो म्हणाला. "झडतीच्या आत आपणच देवळात जाऊ."

"काय हाय त्या कागदात?"

"भीमाचं अक्षर आहे."

५

देवळाच्या पायऱ्यांवर राजेश्वरीताई बसल्या होत्या. गाव सगळं ओट्याखाली. भागवत पुढं, गळ्यात चावी. गडू त्यानं शिंक्यासकट आणून सभामंडपाच्या हुकाला टांगला होता.

"ताई, झडतीच्या आधी मला दहा मिनिटं द्या," गहिनीनाथ म्हणाला.

"दहाच," राजेश्वरीताई म्हणाल्या. "छबिन्याचं सगळं अडकलंय, कंट्रोलर."

गर्दीत फौजी ज्ञानेश्वर उभा होता. आसामात नेमणूक, रजेवर आलेला. गहिनीनाथनं त्याला पुढं बोलावलं.

"फौजी, तू विमानानं येतोस. प्रवासातलं काय लक्षात राहतं?"

ज्ञानेश्वर हसला. "रांग, नाना. दोन तास आधी जायचं आणि उभं राहायचं. तपासणीला पट्टा काढा, घड्याळ काढा, खिसे रिकामे करा."

"हातातलं सामान?"

"मशीनमधून जातं. ट्रेमध्ये ठेवायचं, आपण दाराच्या चौकटीतून जायचं, पलीकडं उचलायचं."

"समज हातात देवाच्या पाण्याचा गडू आहे. म्हणालो, खाली ठेवणार नाही, कुणाच्या हातात देणार नाही. तर?"

"तर घरी जायचं. जनरल असला तरी हातातलं मशीनमध्ये ठेवावंच लागतं. गडू घेऊन कोण आत सोडणार?"

"आणि गळ्यात वीतभर लोखंडी चावी?"

"चौकट बोंबलंल की! काढायला लावतील, वर दहा प्रश्न इचारतील. एवढं लोखंड कशाचं म्हणून."

लोक आता भागवतकडं बघायला लागले होते.

"आता आठवलं," भागवत म्हणाला. "ठेवला होता मशीनमध्ये. मशीन म्हणजे जमीन न्हवं."

"आता आठवलं का? मघाशी अंगणात पन्नास माणसांसमोर एक क्षण खाली ठेवला नव्हता. तिकीट आहे?"

"फेकून दिलं."

"मोबाईलवरचा मेसेज?"

"मी काय रद्दी साठवतो का? कंट्रोलर, तुमी विमानात बसला न्हाई आन् मला शिकवताय! मी किलोमीटर सांगितले, मिनिटं सांगितली. न गेलेल्या मानसाला हे ठाव आसतं का?"

"हो," गहिनीनाथ म्हणाला. "न गेलेल्या माणसालाच ठाऊक असतं."

त्यानं पान उलगडलं आणि राजेश्वरीताईंच्या हातात दिलं.

"वाचा ताई. मोठ्यानं."

राजेश्वरीताईंनी पान लांब धरलं. "नगर ते काशी. अंतर एक हजार चौऱ्याण्णव किलोमीटर. विमानाला एक तास बावन्न मिनिटं." त्यांनी मान वर केली. "हे कुणी लिहिलंय?"

"माझ्या बायकोनं. मागच्या उन्हाळ्यात. ती कधी विमानात बसली नाही. जामखेडच्या पलीकडं फार तर नगरला गेली."

"भीमाकाकूला मीच काढून दिलं हुतं ते," कल्याण मागून ओरडला. "मोबाईलवर पान हाय एक. दोन गावांची नावं टाकायची, ते अंतर आन् विमानाचा वेळ दावतं."

"नगरला विमान उतरतं का रे कल्याण?"

"कुठलं! शिर्डीला न्हाईतर पुण्याला."

"मग ते पान नगरचा वेळ कसा दाखवतं?"

"त्याला काय? नकाशावर सरळ रेघ मारतं, रेघ मोजतं, अंदाजानं तास काढतं. विमान आसो नसो. कुरनवाडी टाकलं तर कुरनवाडीचा बी देईल."

लोक हसले. गहिनीनाथ हसला नाही.

"आता पुणे ते काशी टाक."

कल्याणनं अंगठा चालवला.

"अकराशे शहाण्णव किलोमीटर," तो म्हणाला.

"शंभर किलोमीटर जास्त. असणारच. पुणं काशीपासून नगरपेक्षा लांब आहे, एवढं तर बैलालाही कळतं." गहिनीनाथ भागवतकडं वळला. "भागवतराव, तुमचं विमान पुण्याला उतरलं. मग किलोमीटर नगरचे कसे? जिथं विमान उतरतच नाही त्या गावाचा प्रवास तुम्ही मिनिटासकट कसा केला? तुम्ही काशीला गेलाच नाहीत. नगरला मेव्हण्याच्या घरी बसून मोबाईलमध्ये बघितलंत आणि पाठ केलंत. आणि पाठ तरी नीट करायचं. एकतीस वर्षं मी फलकावर वेळा लिहिल्या, त्यातली एक गाडी कधी त्या मिनिटाला आली नाही. तुमचं विमान मात्र चार बावन्नला टेकतं!"

"चुकून आकडा सांगितला आसंल!" भागवत दोन पावलं पुढं आला. "म्हणून मी चोर होतो का? झडती घ्या. झडती का टाळताय? गंज उचका!"

"उचकू," गहिनीनाथ म्हणाला. "पण आधी मी सांगतो आत काय आहे, मग उचकू. मागच्या अंगाला तीन पेंढ्या उलट्या आहेत. त्यांच्यामागं मुखवटा आहे. तो बुधवारी बारा ते तीनच्या मध्ये तिथं ठेवलाय, बायका पुरण हाटत होत्या तेव्हा. आणि तो कोऱ्या कापडात असणार. बन्सी, देवाचा मुखवटा वापरलेल्या कापडात गुंडाळतात का?"

"हात झडतील," बन्सी म्हणाला.

"चोरणाऱ्यालाही ती भीती असतेच. आता सगळ्यांनी वर बघा, गडूच्या तोंडाचं कापड बघा. भागवतराव, हे कधी घेतलं म्हणालात?"

भागवतनं गळ्यातली चावी मुठीत धरली.

"काल काशीत, घाटावर. आणि सकाळी वेशीत उतरल्यापासून ते कुणाच्या हातात नाही. बरोबर?"

"बरोबर," मागून दोघंतिघं म्हणाले. त्यांनीच भागवतच्या पायावर पाणी घातलं होतं.

राजेश्वरीताई स्वतः गेल्या. बरोबर बन्सी, फौजी आणि चार पंच. गाव जागचं हललं नाही. पाव तासानं ते परत आले. बन्सीच्या दोन्ही हातांवर तांबडं गाठोडं होतं. मुखवट्याचं टोक बाहेर दिसताच बायकांनी हात जोडले.

फौजीनं शिंक्यातल्या गडूचं कापड सोडलं. राजेश्वरीताईंनी दोन्ही तुकडे पायरीवर शेजारी शेजारी ठेवले. जरीचा काठ एका बाजूला, तसाच दुसऱ्या बाजूला. मधे कात्रीनं घेतलेलं वाकडं वळण. या तुकड्याचं पोट त्या तुकड्याच्या खाचेत बसलं.

कापड हातभरच होतं. दुसरं हातभर घ्यायला भागवतचा जीव झाला नव्हता.

"काशीचं कापड आदल्या दिवशी हिच्या कडब्यात कसं आलं?" राजेश्वरीताईंनी विचारलं. "तेही विमानानं आलं का?"

६

भागवत मग बराच वेळ बोलला. मान धाकट्या पातीला मिळायला हवा होता, थोरली पाती बुडाली, विधवेच्या घरात देव ठेवतात का, मी चोरला नव्हता, इकडचा तिकडं ठेवला फक्त. मोटारसायकलवर नगरहून आला, ढोरवाटेनं वस्तीवर शिरला, खिळ्यावरची चावी घेतली, काम करून परत नगरला. गडूतलं पाणी कुठलं, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी फार विचारलं नाही. बन्सीनं ते बकरीपुढं ठेवलं. बकरीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

पाच वाजायच्या आत पंचांनी भागवतच्या गळ्यातली चावी काढून घेतली. गळ्यावर गंजाचा काळा पट्टा होता, तेवढा राहिला. सकाळी ज्यांनी त्याच्या पायावर पाणी घातलं होतं तेच आता "आमाला आधीच संशय हुता" म्हणत होते. कुणाला काही संशय नव्हता. गहिनीनाथ सगळ्यांना ओळखून होता.

देवाला आडाच्या पाण्यानंच न्हाऊ घातलं. मुखवटा पालखीत बसला. छबिना निघायच्या आधी चांगुणा गर्दीतून वाट काढत आली. कपाळाला गुलाल लागला होता. मान सोडायचा तो हा गुलाल नव्हता, मान राखल्याचा होता.

"आण्णा, चावी तुमच्याकडं ठेवायची म्हनत्यात सरपंचबाई. धाकट्या पातीची."

"मला नको. फौजीच्या आईकडं द्या."

"आन् हे." तिनं घडी घातलेलं पान पुढं केलं. "ताईंनी दिलं. मला अक्कानं दावलं हुतं हे. किती आनंद झाल्ता तिला. म्हनायची, चांगुणे, दोन तास बी न्हाई गं, मी मांडी घालून बसंन आन् उठंन तवर काशी. मग तुमी का न्हाई गेला?"

गहिनीनाथनं पान घेतलं.

त्या दिवशीही तो बरोबरच होता. भीमा पान घेऊन आली तेव्हा तो वेळापत्रकांच्या जुन्या वह्या लावत होता. त्यानं वर न बघता सांगितलं होतं, बाई, हे मोबाईलमधलं विमान आहे, नगरला विमान नसतं. पुण्यापर्यंत पाच तास, तिथं दोन तास आधी, मग पुढं, उतरल्यावर घाटापर्यंत आणखी. बारा तासांच्या आत जमत नाही. तुझ्या गुडघ्यांना व्हायचं नाही. सगळा हिशेब त्यानं तोंडी करून दाखवला होता. भीमानं ऐकून घेतलं. पान घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाली, "बारा तर बारा. तुमी बरूबर आसला म्हंजी झालं." दोन महिन्यांनी ती गेली.

बारा तासच होते. तो त्याहून जास्त वेळ रोज स्टँडवर उभा असायचा.

"आण्णा?" चांगुणा म्हणाली. "छबिन्याला थांबता ना?"

हलगी सुरू झाली होती. ऊसतोडीची पोरं नाचायला लागली होती, फौजी त्यांच्यात शिरला होता.

"नाही," गहिनीनाथ म्हणाला. "सकाळी पुण्याची पहिली गाडी सहाला आहे. बॅग भरायची आहे."

"पुन्याला? कशाला?"

त्यानं पान खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं.

"तिथून पुढं जायचंय," तो म्हणाला. "भीमाची रक्षा देव्हाऱ्यात ठेवलीय मी अजून."